खरडण्याआधी ओळख पटवा : जुन्या शिडाच्या नौकांविषयी वाचकांचे प्रश्न

क्लबच्या आवारातून, जुन्या बाजारातून किंवा ओळखीतून लहान शिडाची नौका विकत घेतलेल्या वाचकांची पत्रे या वेळी आली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच सविस्तर दिले आहे, कारण त्यातल्या अडचणी जुनी लाकडी नौका घेणाऱ्या प्रत्येकापुढे येतात.

प्रश्न : मुंबईतील एका आवारात अनेक वर्षे पडून असलेली प्लायवुडची शिडाची डिंगी, म्हणजे लहान उघडी नौका, मी घेतली आहे. विकणाऱ्याने ती ‘जीपी’ असल्याचे सांगितले, पण कागदपत्र काहीच दिले नाही. सेंटरबोर्ड (नौका बाजूला सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायची फळी) आणि सुकाणू आहे, डोलकाठी आणि शिडे नाहीत. नाळेपासून मागच्या फळीपर्यंत लांबी 4.04 मीटर आणि सर्वाधिक रुंदी 1.60 मीटर भरते. दोन्ही बाजूंना तळाकडे वळताना प्लायचे दोन-दोन कोन दिसतात. बाहेरून पांढरा रंग आहे, तो उडाला आहे तिथे खाली निळा आणि नारिंगी थर दिसतात. मागच्या एका कोपऱ्यात लाकूड मऊ लागते. दिवाळीनंतर मशीनने सगळा रंग घासून काढावा आणि बाहेरून फायबरग्लास चढवावे, असा विचार आहे. नौका नेमकी कोणती हे कसे ठरवावे, आणि काम कोठून सुरू करावे? — एक वाचक, पनवेल

उत्तर : घासण्याचे मशीन तूर्त बाजूला ठेवावे, ही पहिली विनंती. जुन्या लाकडी नौकेची ओळख तिच्या लाकडात कोरलेल्या आकड्यांत, जुन्या फिटिंग्जच्या बुजवलेल्या भोकांत आणि रंगाच्या थरांत असते. मशीनचा कागद या तिन्ही गोष्टी एका दुपारी पुसून टाकतो, आणि त्या पुन्हा मिळवण्याचा कोणताही उपाय नाही.

आपण लांबी-रुंदी काळजीपूर्वक मोजलीत, त्यामुळे निम्मे काम झालेच आहे. ‘जीपी’ म्हणजे जीपी 14. जॅक होल्ट यांनी 1949 मध्ये रेखाटलेली ही नौका 14 फूट, म्हणजे 4.27 मीटर लांब असते, आणि तिची रुंदी सुमारे 1.54 मीटर असते. आपली नौका जवळजवळ 23 सेंटिमीटरने आखूड आणि तरीही जास्त रुंद आहे. ठरावीक वर्गाच्या, म्हणजे एकाच आराखड्याने आणि ठरलेल्या मापांनी बांधल्या जाणाऱ्या, नौकांमध्ये इतका फरक मोजण्याच्या चुकीने पडत नाही. याच होल्ट यांनी 1956 मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ या ब्रिटिश वृत्तपत्राच्या पुढाकाराने एंटरप्राइज ही नौका रेखाटली. तिची लांबी 13 फूट 3 इंच, म्हणजे 4.04 मीटर, रुंदी 5 फूट 3 इंच, म्हणजे 1.60 मीटर, आणि कडेला प्रत्येक बाजूस दोन कोन. आपण दिलेले तिन्ही तपशील तंतोतंत जुळतात. ही नौका मुंबईत सापडावी यातही नवल नाही. 1982 च्या आशियाई खेळांतील शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा एंटरप्राइज हा स्पर्धेतील एक वर्ग होता. त्या काळात आणि नंतरही हा वर्ग आपल्याकडे चांगलाच रुजलेला होता.

मापे जुळली तरी आणखी दोन-तीन खुणा तपासून पाहाव्यात, कारण कारखान्याबाहेर हौसेने बांधलेल्या नौकाही असतात. एंटरप्राइजला स्पिनेकर, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने जाताना पुढे फुगणारे मोठे शीड, नसते. जीपी 14 ला ते लावता येते. त्यामुळे डेकवर स्पिनेकरच्या दोऱ्यांसाठी कप्प्या बसवल्याच्या किंवा बुजवलेल्या भोकांच्या जोड्या आढळल्या, तर विकणाऱ्याचे म्हणणे पुन्हा एकदा विचारात घ्यावे लागेल. वजनाचाही उपयोग होतो. एंटरप्राइजचा नुसता सांगाडा सुमारे 90 किलोचा, तर जीपी 14 चा 133 किलोचा असतो. मात्र पाणी पिऊन बसलेले प्लायवुड वजन फसवे करते, म्हणून या पुराव्यावर फार भार देऊ नये. पुढेमागे शिडे मिळाली तर शंका राहणारच नाही, कारण एंटरप्राइजची शिडे निळी असतात आणि जीपी 14 च्या शिडावर घंटेचे चिन्ह असते.

आता क्रमांकाकडे वळू. या प्रकारच्या जुन्या लाकडी नौकांवर वर्गाचा क्रमांक बहुधा लाकडातच कोरलेला असतो. ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या उभ्या फळीच्या आतील बाजूस, सेंटरबोर्ड ज्यात वर-खाली होतो त्या पेटीमागे तळाच्या मधल्या लाकडावर, किंवा बसण्याच्या आडव्या फळीवर तो शोधावा. रंगाचे पाच-सहा थर चढले की आकडे दिवसा डोळ्यांना दिसत नाहीत. रात्री आसपासचे दिवे बंद करून टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवी धरावी. रंगाखालच्या खाचांच्या कडांची सावली पडते आणि जिथे सपाट वाटत होते तिथे एखादा ‘7’ किंवा ‘4’ अचानक उठून दिसतो. तिथे पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट बसवून मऊ पेन्सिलीची बाजू हलकेच फिरवली की पूर्ण आकडा कागदावर उमटतो. कागदावर तारीख आणि जागा लिहून तो जपून ठेवावा. हे जमले नाही तरच तेवढ्या भागावर रंग काढण्याचे रसायन लावून, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पातीने, थर-थर करत रंग उचलावा. धातूची पाती कोरीव खाचांच्या कडा बोथट करते.

क्रमांक मिळाला की नौकेचे वय, कधीकधी बांधणाराही कळतो, कारण वर्गाच्या संघटना क्रमांकांच्या नोंदी ठेवतात. क्रमांक जितका लहान तितकी नौका जुनी, एवढा अंदाज तर आपण घरीच बांधू शकता. नौका पुढे शर्यतीत उतरवायची असेल तर ‘यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया’कडे मोजमापाच्या प्रमाणपत्राची चौकशी करावी, कोरलेला क्रमांक शाबूत असल्याचा फायदा तिथे कळतो.

आपल्या पत्रातील नारिंगी थराबद्दल मला विशेष काळजी वाटते. तो थर लाकडाला सर्वांत जवळचा असेल, तर तो शेंदराचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडचा प्रायमर असण्याची मोठी शक्यता आहे. पूर्वी लाकूड आणि लोखंड दोन्ही वाचवण्यासाठी तो सर्रास लावला जाई. असा रंग मशीनने कोरडा घासला की शिशाची बारीक धूळ हवेत जाते, अंगणात बसते आणि लहान मुलांच्या हातांमार्फत पोटात जाते. म्हणून रंग रसायनाने किंवा कमी आचेच्या हॉट एअर गनने मऊ करून पात्याने काढावा. घासणे भागच असेल तर वॉटरपेपरने, पाणी वापरून घासावे, तोंडाला धूळ अडवणारा चांगला मास्क लावावा, आणि खाली पसरलेल्या प्लास्टिकवर जमलेला चोथा बांधून वेगळा ठेवावा. गॅसच्या ज्योतीने रंग जाळू नये. तिने शिशाची वाफ होते आणि प्लायचे वरचे पापुद्रेही करपतात.

रंग काढण्याच्याही आधी नौकेची पाहणी पूर्ण करावी, कारण ती वाचवण्यासारखी आहे की नाही हे पाहणीतच ठरते. लाकूड कुजते ते खाऱ्या पाण्याने नव्हे, तर साचलेल्या पावसाच्या पाण्याने, हे ध्यानात ठेवावे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. त्यामुळे उघड्यावर पडलेल्या डिंगीत कुजण्याची ठिकाणे जवळजवळ ठरलेली असतात : ट्रान्सम आणि तळ मिळतो ते कोपरे, पुढच्या डेकखालची कोंदट जागा, सेंटरबोर्डच्या पेटीची बूड, आणि जिथे स्क्रूचे भोक उघडे राहिले आहे असा प्रत्येक बिंदू. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दर चार बोटांवर ठोकत जावे. निरोगी प्लाय खणखणीत आवाज देतो, थर सुटलेला प्लाय पोकळ, आणि कुजलेला बद्द. शंका येईल तिथे दाभण टोचून पाहावे. ते सहज आत गेले आणि बाहेर काढताना ओले तंतू घेऊन आले, तर तो भाग कापूनच काढावा लागेल. खडूने सीमारेषा आखून फोटो काढून ठेवावेत.

या पाहणीत चार-सहा स्क्रूही वेगवेगळ्या ठिकाणांहून काढून पाहावेत. जुन्या हौशी बांधणीत पितळी स्क्रू फार वापरले जात. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे उरते ते तांब्यासारखे लालसर, सच्छिद्र, ठिसूळ धातूचे कवच. असा स्क्रू बाहेरून बरा दिसतो, पण पान्याच्या हलक्या झटक्याने मधोमध तुटतो. कापलेल्या टोकावर पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसला तर सगळेच स्क्रू संशयित समजावेत. त्यांच्या जागी सिलिकॉन ब्राँझचे स्क्रू मिळाले तर उत्तम. सांध्यांतला जुना गोंदही पाहावा. गडद तांबूस-जांभळी रेघ दिसली तर तो रिसॉर्सिनॉल असतो आणि सहसा अजूनही भक्कम असतो. फिकट, काचेसारखी, ठिसूळ रेघ दिसली तर तो युरिया-फॉर्मल्डिहाइड असतो. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्या अशा गोंदावर विश्वास ठेवता येत नाही. सांध्यात पातळ पाती घालून तो कुठे सुटतो का, हे पाहावे.

माझे मत असे : मधले तळाचे लाकूड, सेंटरबोर्डची पेटी आणि ट्रान्सम या तिघांपैकी दोन शाबूत असतील तर नौका नक्की दुरुस्त करावी. तिन्ही गेलेली असतील तर आपण दुरुस्ती करत नसून जुन्या क्रमांकाखाली नवी नौका बांधत आहात, हे समजून मगच खर्चात पडावे. आपल्या पत्रात एकाच कोपऱ्याचा उल्लेख आहे, तेव्हा मला आशा वाटते.

दिवाळीनंतर काम सुरू करण्याचा आपला बेत योग्य आहे, फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने सुकवण्याला द्यावेत. कोकणात पावसाळ्यात लाकडातील ओलावा इतका वाढतो की त्यावर लावलेले इपॉक्सी (दोन घटक मिसळून वापरायचा गोंद-लेप) पाण्याला आत कोंडून ठेवते, आणि कूज बाहेरून न दिसता आत चालू राहते. नौका छपराखाली, उलटी न ठेवता एका बाजूला कलती ठेवावी. डेकखाली पंखा लावून हवा खेळती ठेवावी, हवाबंद पेट्यांची झाकणे काढावीत. ओलावा मोजण्याचे साधे पिनचे यंत्र मिळते. आकडा 12 ते 15 टक्क्यांच्या खाली येऊन तिथेच टिकल्याशिवाय गोंदकामाला हात घालू नये. दमट हवेत इपॉक्सी सुकताना पृष्ठभागावर मेणासारखा चिकट थर येतो. पुढचा थर देण्याआधी तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन टाकावा. नुसते पॉलिशपेपरने घासले तर तो पुसला न जाता पसरतो आणि वरचा रंग धरत नाही.

मऊ कोपऱ्याची दुरुस्ती अशी करावी. दाभणाने ठरवलेल्या सीमेच्या पलीकडे निदान 10 सेंटिमीटर निरोगी लाकडापर्यंत प्लाय कापून काढावा, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात. नवा तुकडा नुसता टेकवून न जोडता तिरपा सांधा घ्यावा. जाडीच्या आठपट लांबीचा उतार दोन्ही कडांवर रंध्याने तासून काढायचा, म्हणजे 6 मिलिमीटर प्लायला 48 मिलिमीटरचा उतार. प्लायच्या थरांच्या रेषा उतारावर सरळ, समांतर पट्ट्यांसारख्या दिसल्या की उतार एकसारखा तासला गेला आहे असे समजावे. रेषा वाकल्या तिथे रंधा कमी-जास्त लागला आहे. प्लाय आयएस 710 या मानकाचा, म्हणजे खरोखर मरीन घ्यावा. ‘वॉटरप्रूफ’ एवढे सांगून दुकानात दिला जाणारा आयएस 303 चा प्लाय फर्निचरला चालतो, नौकेच्या तळाला नाही. घेताना कडा नीट पाहावी. आतल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर शिक्का कोणताही असो, ती शीट परत करावी. सागवानी पट्टी चिकटवायची असेल तर आधी ॲसिटोनने पुसावी. सागाचे तेल इपॉक्सीला धरू देत नाही. या कामाला कोकणातला होडी बांधणारा अनुभवी सुतार मिळाला तर आपले भाग्य. पातळ प्लायची नौका त्याने पूर्वी हाताळली नसली, तरी लाकडाचा उतार तासणारा त्याचा हात आपल्या मशीनपेक्षा सरस ठरेल.

संपूर्ण नौकेवर बाहेरून फायबरग्लास चढवण्याचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सुचवतो. त्याने वजन बरेच वाढते, पाणी आतून प्लायमध्ये शिरायचे थांबत नाही, आणि शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट मात्र उरत नाही. पॉलिएस्टर रेझिन वापरले तर ते लाकडाला नीट धरतही नाही. दोन-तीन वर्षांत कडा सुटू लागतात. कोनांच्या सांध्यांवर इपॉक्सीत भिजवलेली काचतंतूंची अरुंद पट्टी पुरेशी आहे. बाकी पृष्ठभागावर इपॉक्सीचे दोन-तीन पातळ थर आणि त्यावर चांगला रंग द्यावा. इपॉक्सी उन्हात खराब होते, म्हणून वरचा रंग टाळू नये.

सेंटरबोर्डची पेटी गळते का, हे आताच पाहता येईल. नौका स्टँडवर सरळ ठेवून तळाची फट खालून चिकटपट्टीने बंद करावी, पेटीत पाणी ओतावे आणि तासभर बुडाकडे लक्ष ठेवावे. थेंब कुठून येतो त्या जागेवर खूण करावी. ती गळती बाहेरून सिलिकॉन भरून बुजवू नये. तळाशी पेटी जिथे बसते तो सांधा उघडून, सुकवून पुन्हा चिकटवावा लागतो. तरंगण्याच्या व्यवस्थेचीही तपासणी करावी. जुन्या एंटरप्राइजमध्ये बाकांखाली हवेच्या पिशव्या बांधलेल्या असत. त्या पिशव्या नसतील किंवा जीर्ण झाल्या असतील, तर नव्या घेतल्याशिवाय आणि त्यांचे पट्टे नौकेच्या वजनाला टिकतील असे बसवल्याशिवाय पाण्यात उतरू नये. उलटलेली पण तरंगती डिंगी दोघांना सरळ करता येते. पाण्याने भरून खाली जाऊ लागलेली करता येत नाही.

डोलकाठी आणि शिडे यांसाठी शर्यती घेणाऱ्या क्लबांत चौकशी करावी; जुने ॲल्युमिनियमचे मास्ट, म्हणजे डोलकाठ्या, तिथे पडून असतात. घेताना स्टेनलेसचे रिव्हेट जिथे ॲल्युमिनियमला भिडतात तिथे पांढरी भुकटी आणि फुगवटा आहे का ते पाहावे, कारण दोन धातूंच्या खाऱ्या सहवासात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. नौका पाण्यात कुठे आणि कशी चालवता येईल, नोंदणी लागेल का, याची विचारणा महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात आधीच करून ठेवावी.

प्रश्न : येथील एका गॅरेज सेलमध्ये मला सुमारे 14 फुटांची फायबरग्लासची नौका मिळाली. विकणाऱ्याला ती ‘लेझर किंवा सनफिश’ एवढेच ठाऊक होते. मागच्या उजव्या बाजूला AMF या तीन रोमन अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक आहे आणि त्याच्या शेवटी M, 75 आणि A असे येते. दोन माणसांनाही ती उचलवत नाही. ही नौका कोणती, किती सालची, आणि इतकी जड का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : लेझर आणि सनफिश या शिडाच्या नौकांच्या दोन वर्गांत गोंधळ होणे स्वाभाविक आहे. दोन्हींची लांबी जवळजवळ सारखी, दोन्हींचे वजन सुमारे 59 किलो. मात्र सनफिशच्या कडेला ठळक कोन असतो, लेझरची कड गोलाकार असते. सनफिशचे शीड दोन लांब काठ्यांमध्ये ताणलेले त्रिकोणी असते, तर लेझरचे शीड डोलकाठीवर बाहीसारखे चढवतात आणि तिची काठी दोन तुकड्यांत जोडलेली असते. शिडे नसली तरी आपला क्रमांकच उत्तर देतो.

अमेरिकेत 1972 च्या अखेरीपासून कारखान्यात बनलेल्या नौकांना 12 अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक द्यावा लागतो. पहिली तीन अक्षरे उत्पादकाची. सनफिश मूळच्या ॲल्कॉर्ट या कनेक्टिकटमधील कंपनीची; 1969 मध्ये ती एएमएफ (AMF) या कंपनीने घेतली, म्हणून ही तीन अक्षरे. पुढचे पाच अंक अनुक्रमाचे, आणि शेवटचा भाग तारखेचा. आपल्या क्रमांकातील ‘एम’ हे जुन्या पद्धतीचे चिन्ह आहे : त्यानंतरचे 75 हे मॉडेलचे वर्ष आणि शेवटचे अक्षर महिन्याचे. इथे एक फसगत होते. या जुन्या पद्धतीत ‘ए’ म्हणजे जानेवारी नव्हे, तर ऑगस्ट, कारण मॉडेलचे वर्ष ऑगस्टपासून मोजले जाई. म्हणून आपली नौका ऑगस्ट 1974 मध्ये बनलेली सनफिश आहे. 1984 नंतरच्या नव्या पद्धतीत मात्र ‘ए’ म्हणजे जानेवारी, त्यामुळे दोन्ही पद्धती एकमेकींत मिसळू नयेत. सुकाणूचीही खूण ताडून पाहावी. 1971-72 च्या सुमारास सनफिशच्या सुकाणूची जोडणी बदलली. आपल्याकडे जुन्या पद्धतीची ब्राँझची जोडणी दिसली तर सुकाणू दुसऱ्या नौकेचे लावलेले आहे.

जडपणाचे कारण जवळजवळ निश्चित पाणी आहे. सनफिशच्या पोटात फोमचे ठोकळे असतात; डेक आणि सांगाडा यांच्या सांध्यातून पाणी आत गेले की फोम ते वर्षानुवर्षे धरून ठेवतो. वजनकाट्यावर नौका किती भरते ते आधी पाहावे आणि 59 किलोंपेक्षा जास्तीचा आकडा म्हणजे आतले पाणी असे धरावे. नौका हलवली तर आत पाणी डुचमळते का हे ऐकून भागत नाही, कारण फोममधले पाणी हलत नाही. डेकवर पुढे-मागे दोन गोल झाकणे बसवून त्यांतून लहान पंख्याची हवा फिरवत ठेवावी. हे काम आठवड्यांचे नव्हे, महिन्यांचे आहे, आणि प्रत्येक महिन्याला वजन करून नोंद ठेवली तर ते कधी संपले हे कळते. नंतर सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून आत अगदी हलकी हवा सोडावी. बुडबुडा येईल तिथे गळती आहे. कंप्रेसर लावू नये, त्याने सांधे उकलतात. राज्याच्या नोंदणी कार्यालयात हा क्रमांक आधीच्या मालकाच्या नावे आहे का, याची खात्री दुरुस्तीवर पैसे घालण्यापूर्वी करून घ्यावी.

प्रश्न : माझ्याकडे जुनी लेझर आहे. डोलकाठी बसते त्या खळग्यापाशी डेक किंचित हलतो असे वाटते. हे धोक्याचे आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : होय, आणि दुरुस्ती होईपर्यंत नौका पाण्यात नेऊ नये. लेझरच्या डोलकाठीला आधाराच्या तारा नसतात. शिडाचा सगळा जोर त्या एका खळग्यावर आणि त्याभोवतीच्या डेकवर येतो. खळग्याचा तळाशी असलेला सांधा सुटला असेल तर जोराच्या वाऱ्यात डोलकाठी डेक फाडून बाहेर येते. तपासणी सोपी आहे. खळगा काठोकाठ पाण्याने भरावा, पातळीला पेन्सिलीची खूण करावी आणि रात्रभर झाकून ठेवावा. पातळी उतरली तर पाणी नौकेच्या पोटात गेले. डेकमध्ये गोल झाकण बसवून आतून खळग्याच्या बुडाभोवती इपॉक्सी आणि काचतंतूंचे कापड यांचा भक्कम काठ द्यावा. वरून डेकवर लेप देऊन हे काम होत नाही. दुरुस्तीनंतर तीच पाण्याची चाचणी पुन्हा घ्यावी.

प्रश्न : नौकेबरोबर मिळालेल्या शिडांवर काळे ठिपके आहेत. कापड चांगले वाटते. धुऊन वापरता येतील का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काळे ठिपके बुरशीचे आहेत. पॉलिएस्टरच्या कापडाचे त्यांनी बळ कमी होत नाही, फक्त ते वाईट दिसतात. सौम्य साबण आणि कोमट पाण्याने, मऊ ब्रशने धुवावे, सावलीत पसरून पूर्ण सुकवावे, आणि मगच गुंडाळून ठेवावे. वॉशिंग मशीनमध्ये घालू नये, इस्त्री तर मुळीच करू नये. खरी तपासणी शिलाईची करावी. उन्हाने कापडाआधी धागा मरतो, कारण तो कापडाच्या वर उभा असतो आणि ऊन त्यावर थेट पडते. शिडाच्या मागच्या कडेच्या आणि वरच्या टोकाच्या शिवणीत सुईचे टोक घालून एक टाका हलकेच उचलावा. धागा ताणून धरला तर शीड वापरता येईल. तो पिठासारखा तुटला तर त्या सर्व शिवणी उन्हाला टिकणाऱ्या पॉलिएस्टर दोऱ्याने पुन्हा माराव्या लागतील, आणि हे काम ताडपत्री शिवणाऱ्या चांगल्या कारागिराकडून होऊ शकते. त्याला जुन्या भोकांतूनच सुई घालायला सांगावे. नवी भोके पडली की कापड त्या रेषेवरून फाटते.